पुलापलीकडे वाजणारा ब्रेक

बसा. गाडी जॅकवर आहे, डिस्क हाताला चटका बसेल इतकी तापलेली आहे आणि ती निवेपर्यंत मी काही हात लावणार नाही. वीज गेली आहे, ती आपल्या मर्जीनं येईल. तोवर कंदील आहे. हा घ्या मियांग, चहाची मुरवलेली पानं, मिठाचा खडा लावून गालात धरा. डोंगर जाळायच्या महिन्यात घशाला दुसरं काही मानवत नाही.

ब्रेक वाजतो म्हणालात, पण कधी वाजतो ते तुम्हाला सांगता आलं नाही. कुणालाच येत नाही. आवाज सगळ्यांच्या कानावर पडतो, ऐकत कुणी नाही. बारीक शीळ आली तर पॅड झिजलेत. करकर आली तर पॅड संपून लोखंडाला लोखंड लागलंय. पाय ठेवताच टक् झालं तर कॅलिपरची पिन सैल. सकाळी पहिल्या वळणाला कुरकुरला आणि मग गप्प बसला तर दवानं गंज धरलाय, त्याच्याकडे लक्षही देऊ नका. आणि ब्रेकवर पाय नसतानाच आवाज आला, तर बहुतेक वेळा डिस्कच्या मागे खडा अडकलेला असतो.

पनकेवच्या गाडीत खडा नव्हता. मी चार वेळा चाकं उतरवून बघितलं होतं.

पनकेव पुलापलीकडच्या गावातला. मक्याची पोती वाहायची त्याची जुनी पिकअप, मागे हौदा आणि पुढे सीटांच्या दोन रांगा असलेली. आमच्याकडे लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला जातो. पनकेवही त्याच गावात गेला आणि जन्मभर सासूच्या ताटाखालचं मांजर होऊन राहिला. त्याचा धाकटा भाऊ इन्था आईबापांना सांभाळायला मागे राहिला, तेव्हा इन्थाची बायको खामला आपलं घर सोडून त्याच्याकडे आली. म्हातारा-म्हातारीचं शेवटचं सगळं तिनं केलं, अंथरुणातलं काढण्यापर्यंत. ती दोघं गेली, घर इन्थाकडे राहिलं. मूलबाळ नव्हतं. ते सागवानी घर पनकेवच्या डोळ्यांत खुपायचं आणि तो ते लपवायचाही नाही. दारू पोटात गेली की म्हणायचा, मी थोरला आणि मीच दुसऱ्याच्या छपराखाली.

इन्था गेला तो थंडी सरता सरता. घाटातल्या वळणावर, कोबीच्या ट्रकखाली, मोटारसायकलसकट. मला तो आवडायचा. गॅरेजमध्ये आला की काम होईपर्यंत गप्प बसून राहायचा आणि जाताना झाडू मारून जायचा. असली माणसं लवकर जातात आणि पनकेवसारखी राहतात. का, ते विहारातल्या भंत्यांना विचारून झालंय. त्यांनाही माहीत नाही.

रस्त्यावर मेलेल्या माणसाला घर सापडत नाही. देह हॉस्पिटलची गाडी आणते, बाकीचा माणूस घरच्यांना जाऊन आणावा लागतो. त्या जागी भंते येतात, उदबत्ती लावतात, त्याचा एखादा सदरा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतात आणि घरातला वडीलधारा त्याला नावानं हाक मारून आत बसवतो. मग घरापर्यंत त्याला रस्ता सांगत यायचं. वळण आलं, ये. पूल आला, ये. एकही वळण चुकवायचं नाही. घरातल्या बाईनं दार लावून आत बसायचं. बाहेर हॉर्न वाजला, 'घर आलं, उतर' असं वडीलधाऱ्यानं म्हटलं, की दार उघडून उंबऱ्यावर पाणी घालायचं.

इन्थाला आणायला पनकेव गेला, हीच पिकअप घेऊन. खामला दार लावून बसली. तिनं हॉर्न ऐकला, दार उघडलं. पनकेव समोर उभा होता. तो म्हणाला, उतरला तुझा नवरा, घाल पाणी. तिनं घातलं.

पण घरी आलेला माणूस घरच्यांच्या स्वप्नात येऊन जातो. निदान एकदा तरी. इन्था आला नाही. खामला रोज त्याच्या नावानं चिकट भाताचा गोळा आणि मिरचीचा ठेचा ठेवायची, सकाळी मुंगीसुद्धा लागलेली नसायची. मला बाजारात भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "नानकाका, घर रिकामं आहे हो. भांडं पडलं तर आवाज घुमतो." तरुणपणी मी काही वर्षं चीवर घातलं होतं, म्हणून लोक मला नान म्हणतात आणि असलं काहीबाही मला येऊन सांगतात.

पनकेवला तेच हवं होतं. त्यानं गावच्या मुखियापाशी गोष्ट काढली. नवरा ज्या घरात परत आला नाही त्या घरात मूल नसलेल्या बाईचा काय हक्क? आमच्या गावात कोर्टकचेरीपेक्षा अशा बोलण्याला वजन जास्त. मुखियानं निवाडा दिला की शंभराव्या दिवसाच्या दानापर्यंत थांबू. तोवर इन्थाची काही खूण मिळाली तर घर खामलाचं. नाही मिळाली तर थोरल्या भावाचं, आणि खामलानं लाम्फूनला आपल्या बहिणीकडे जावं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

आणि त्याच दिवसांत पनकेवची पिकअप वाजायला लागली.

पहिल्यांदा आला तेव्हा मी पॅड बघितले. अर्धे शिल्लक होते, तरी घासून घेतले. दुसऱ्यांदा नवीन घातले, डिस्क कातून सारखी केली. तिसऱ्यांदा मागचे ड्रम उघडून राख काढली. या दिवसांत सगळीकडे मक्याच्या ताटांची राख असते, ती ड्रममध्ये बसते आणि लायनर गुळगुळीत करते. चौथ्यांदा पिनांना ग्रीस, मागच्या पट्ट्या, बेअरिंगसुद्धा बदललं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. प्रत्येक वेळी मी गाडी बाजारातून फिरवून आणायचो, घाटात नेऊन उतारावरून सोडायचो. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी पनकेव हजर. "तुझ्या हातात काही राहिलं नाही आता, नान," म्हणायचा, "विहारात जाऊन घंटा वाजवत बस."

मला राग आला, पण त्या रागापेक्षा जास्त काहीतरी बोचत होतं. जो ब्रेक खराब आहे तो घाटात बोंबलतो. उतार, वजन, वळणावर वळण. ही गाडी घाटात गप्प आणि सपाट रस्त्यावर वाजते, हे कुठल्या शास्त्रात बसत नव्हतं. मी म्हटलं, तू चालव, मी मागे बसतो, मला तुझ्या घरापर्यंत ने.

दुपारची वेळ होती, पण दुपारीच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. धुरानं डोंगर गिळून टाकले होते. सूर्य वर होता म्हणे, म्हणजे एक तांबूस डाग होता. जळक्या गवताचा वास कपड्यांना, केसांना, पाण्यालासुद्धा. मी मागच्या सीटवर बसून खिडकीची काच खाली केली आणि कान बाहेर काढला.

फाट्यापर्यंत काही नाही. फाट्याला उजवीकडून विहारावरून घाटाचा रस्ता येतो, मागे आमचा बाजार आणि समोर पूल. पुलावर काही नाही. फळ्या खडखडल्या, तेवढंच. मग पूल संपला, पुढे भातखाचरांमधलं पहिलं वळण दिसायला लागलं...

आवाज वळणाच्या आधीच सुरू झाला. पनकेवचा पाय ब्रेकवर नव्हता. मी पुढे वाकून बघत होतो. बारीक सूर, आधी लांबून आल्यासारखा, मग चढत चढत असा काही की दातांची मुळं दुखावीत. कुणी तोंड दाबून धरलंय आणि आतला माणूस ओरडतोय, असा. गाडी वळली. आवाज उतरत उतरत बंद झाला. पुढचं वळण येईपर्यंत काही नाही. पुढच्या वळणाच्या आधी पुन्हा.

"ऐकलंस?" पनकेव म्हणाला. त्याचे खांदे कानांपर्यंत चढले होते.

 माझ्या तेवढ्यात एक लक्षात आलं होतं. मागची सीट तिघांची, बसलेला मी एकटा. तरी मी दाराला अंग चोरून बसलो होतो, शेजारच्याला जागा करून द्यावी तसा. कधी सरकलो ते मला कळलं नव्हतं. आणि इतक्या उकाड्यात माझा त्या बाजूचा दंड गार पडला होता.

मी त्याला म्हटलं, गाडी माझ्याकडे सोड. त्या संध्याकाळी मी पायीच विहारात गेलो. भंते अंगणात पाणी मारत होते. मी विचारलं, इन्थाला आणलं तेव्हा आपण कुठपर्यंत होतात? ते म्हणाले, विहारापर्यंतच. इथे उतरलो. पुढे पनकेव एकटा गेला. मी विचारलं, त्याच्या हाका ऐकू आल्या होत्या का?

भंत्यांनी तांब्या खाली ठेवला. "पूल आला, इन्था, ये... एवढं ऐकलं. माणसाचा आवाज पाण्यावरून लांब येतो. त्यानंतरचं पहिलं वळणही इथून ऐकू यायला हवं होतं. मी उभा होतो बराच वेळ. मला वाटलं, रडू आलं असेल भावाला."

रडू. पनकेवला.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पिकअप घेऊन निघालो. पुलापलीकडे गेलो, गप्प राहिलो. पहिल्या वळणाच्या आधी ब्रेक किंचाळला. गाडी मागे घेतली, पुलावर आलो. पुन्हा तेच वळण, तोच वेग. या खेपेला मी तोंड उघडलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"इन्था... उजवीकडे वळण आहे. ये."

गाडी वळली. टायरखाली बारीक खडी वाजली, शेतात एक बगळा उडाला. ब्रेक गप्प होता.

मी वळणापलीकडे गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो. आरशात बघायचं धाडस झालं नाही. भीती होतीच, पण खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा संताप मोठा होता. या माणसानं स्वतःच्या भावाला, घर दिसायला लागलं तिथे, पुलापुढे रस्ता सांगणंच बंद केलं. एक शब्दही नाही. तो घरी पोचू नये म्हणून. तो पोचला असता तर खामलाला तिथून कुणी हलवू शकलं नसतं, आणि पनकेवला सासूच्या छपराखाली मरावं लागलं असतं. आणि इन्था गाडीतून उतरलाच नव्हता. कुणी उतर म्हटलं नाही, रस्ता कळेना, तो आपला बसून राहिला, काम होईपर्यंत गॅरेजमध्ये बसायचा तसा. आणि अंधारात हात धरून नेणाऱ्यानं हात सोडला की ओरडावं तसा प्रत्येक वळणावर ओरडत होता.

मी खामलाला जाऊन सांगितलं. बाजाराच्या मागच्या बाजूला ती केळीची पानं पुसत होती. शंभराव्या दिवसाचं दान दुसऱ्याच दिवशी होतं, त्याचीच तयारी. ऐकून ती रडली नाही. पान पुसत राहिली, फाटलं तरी पुसत राहिली. मग एवढंच विचारलं, "मी हाका मारल्या तर चालेल? मी त्याच्याहून लहान आहे वयानं."

मी म्हटलं, वडीलधाऱ्याचा वडीलपणा बघितला आपण. तू चल.

दुपारी मी तिला पिकअपमध्ये पुढे बसवलं. पुलावर आलो तशी तिनं पदर नीट केला, नवऱ्यासमोर जाताना करावा तसा, आणि हाक मारली. "इन्था... पूल संपला. आता उजवीकडे वळण." तिचा आवाज पहिल्यांदा कापला, मग कापला नाही. "हे कालव्याजवळचं. इथे तुमची चप्पल वाहून गेली होती." "हे डावीकडचं, चिंचेचं. या ना. जवळच आलंय." ती त्याला सांगत होती आणि बोलता बोलता हसत होती. लग्नानंतर मी तिला कधी हसताना बघितलं नव्हतं. ब्रेक एकदाही वाजला नाही. माझ्या मानेवर मात्र मागून कुणीतरी श्वास सोडत होतं, गार, ओल्या मातीच्या वासाचा, आणि मी समोर बघत गाडी हाकत होतो. मला वाटलं, चला, हे काम तरी नीट झालं. दारात पोचलो, तिनं उतर म्हटलं, की इन्था आत जाईल. आज त्याची खूण मिळेल, उद्या मुखिया मान खाली घालेल आणि घर तिचं.

दारात पनकेव उभा होता.

हातात मोजपट्टी. जिन्याच्या खांबाला ती लावून बघत होता. त्याच्या बायकोनं ओट्यावरची खामलाची भांडी काढून अंगणात उपडी ठेवली होती. भाताचा तो रोजचा गोळा कोंबड्या टोचत होत्या. अजून दान व्हायचं होतं, निवाडा व्हायचा होता, पण यांना दम नव्हता.

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. पनकेवनं आधी मला बघितलं, मग तिला, मग तिच्या हातातली उदबत्ती. त्याला कळलं. एक क्षण त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो हसला.

"आणलंस का नवऱ्याला? बरं केलंस. बसू दे त्याला कोपऱ्यात. तू पण राहा, खामला, मी काय नाही म्हणतोय? आम्ही वर राहू, तू खाली राहा. भांडी घासायला कुणीतरी लागेलच."

खामला हलली नाही. मी हळूच म्हटलं, "म्हण बाई. घर आलं, उतर. एवढंच."

तिनं घराकडे बघितलं. वर जाणाऱ्या जिन्याकडे, जिथून तिनं सासऱ्याला पाठीवर घेऊन उतरवलं होतं. उपड्या भांड्यांकडे. कोंबड्यांकडे. खूप वेळ बघत होती. उदबत्तीची राख तिच्या बोटावर पडली, तिनं झटकली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू कुठे गेलं ते मला दिसलंच नाही. तिला हवं होतं ते दाराशी येऊन बसलं होतं, एका शब्दावर. आणि मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की तिला ते आता नको झालंय.

"इन्था," ती म्हणाली, नेहमीच्या बोलण्यातल्या आवाजात. "घर आलं."

गाडीचा मागचा भाग किंचित हलला, कुणी उतरण्यासाठी सरसावल्यासारखा.

"पण उतरू नका. इथे कशाला? कोपऱ्यात बसून माझं घासणं बघायला? भाऊजींबरोबर राहा. त्यांनी आणलंय तुम्हाला, त्यांच्याजवळच राहा. त्यांना रस्ता ठाऊक नाही बघा... मधेच गप्प बसतात. वळण आलं की तुम्ही सांगत जा."

 पनकेवच्या बायकोच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. खामला खाली उतरली, गाडीचं दार हळूच लावलं, आतल्या झोपलेल्याला त्रास होऊ नये असं, आणि चावी माझ्याकडून घेऊन पनकेवच्या हातात ठेवली. "घ्या भाऊजी. ब्रेक वाजत नाही आता." मग अंगणातली दोन भांडी उचलली, बाकीची तशीच ठेवली आणि ती शेताच्या बांधावरून चालायला लागली. धुरात थोडी लांब गेली आणि दिसेनाशी झाली. मला तिच्या मागे जायला हवं होतं. पण मी गाडीपाशीच राहिलो.

पनकेव हसला, पण ओठ कोरडे होते. त्याला आता माझ्यासमोर भिऊन चालणार नव्हतं. बायको बघत होती. "चल नान, तुला सोडतो गॅरेजवर," म्हणाला. "बघू तरी, खरंच बंद झालाय का." मी चालत जातो म्हणालो, तर म्हणाला, घाबरलास? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी पुढच्या सीटवर बसलो. मागे बसणं शक्यच नव्हतं.

चिंचेचं वळण आलं. आवाज नाही. कालव्याचं आलं. नाही. पनकेवनं हात सैल सोडले, शीळ घालायला लागला. "बाईचं तोंड चाललं की सगळं सुरळीत होतं," म्हणाला. "इतके दिवस तू उगाच ग्रीस फासत बसलास." धूर आणखी दाट झाला होता. दिवे लावावे लागले, तरी समोर दहा पावलांपलीकडे पांढरंच होतं. मी गुडघ्यांवर हात दाबून बसलो होतो.

पूल जवळ आला तसा त्यानं वेग कमी केला आणि म्हणाला, "हं."

"काय?" मी विचारलं.

"हं म्हटलं. तूच म्हणालास ना, पूल आला, सावकाश ये?"

मी काही म्हणालो नव्हतो. मी तसं सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. फळ्या खडखडल्या. आणि त्या खडखडाटात मला वाटलं... नाही, वाटलं म्हणत नाही, मी ऐकलं. मागून, अगदी साध्या, आर्जवी आवाजात, जसं आपण म्हाताऱ्या माणसाला पायरी दाखवतो. काय म्हटलं ते कळलं नाही. पनकेवला कळलं.

"हं," तो म्हणाला. "हो. डावीकडे."

फाटा आला. गॅरेज समोर, बाजाराच्या रस्त्याला. पनकेवनं डावीकडे चाक फिरवलं, विहाराकडे, घाटाकडे.

"पनकेव, बाजार तिकडे नाही. पनकेव..."

तो मान किंचित मागे कलवून ऐकत होता. माझं नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती असती तर मी तिथेच बसून राहिलो असतो, हात तरी धरला असता. भीती नव्हती. आज्ञाधारक, शांत, झोपेतल्या माणसासारखा चेहरा. "येतोय," तो म्हणाला, "येतोय ना." विहाराच्या फाटकाजवळ चढ लागतो, तिथे गाडी मंदावली. मी दार उघडून उडी मारली. गुडघा फुटला. उठून बघितलं तर मागचे लाल दिवे धुरात शिरत होते. ब्रेकचे दिवे नाहीत, नुसते मागचे. त्याचा पाय ब्रेकवर नव्हता.

भंते फाटकात आले. मी बोट घाटाकडे केलं. आम्ही दोघं उभे राहिलो. वारा नव्हता. धुरात आवाज फार स्पष्ट येतो. इंजिनाचा घरघराट वर वर चढत होता. पहिलं वळण, दुसरं, मोठं गोल वळण. इतकी वर्षं लोक माझ्याकडे ब्रेक गप्प करून घ्यायला येतात. त्या दिवशी मी हात जोडून, डोळे मिटून मनात म्हणत होतो, एकदा वाज. निदान एका वळणावर तरी वाज.

पनकेव घाटातून अजून उतरलेला नाही. गाडीही मिळालेली नाही, दरीत नाही, पलीकडच्या गावात नाही. पण मला झोप येत नाही ती त्यामुळे नाही. त्या दुपारी आवाज पार पोचेनासा होईपर्यंत आम्ही ऐकत होतो, आणि तोपर्यंत ब्रेक एकदाही वाजला नाही. म्हणजे प्रत्येक वळण त्याला कुणीतरी सांगत होतं.